ताईने पाण्यात हात सोडला

ज्या गृहस्थाच्या डोक्यावर बोटांवर मोजता येतील एवढेच केस उरले आहेत, त्याला तरणतलावात उतरताना रबरी टोपी सक्तीची करणं हा अन्याय आहे, असं माझं विचारपूर्वक मत आहे. हेतू मला समजतो. केस पाण्यात पडू नयेत. पण जे पडायचे ते वीस वर्षांपूर्वीच उदगीरच्या न्हाणीघरात पडून गेले. हा युक्तिवाद मी काउंटरवरच्या बाईंपुढे क्रमवार मांडला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "टोपी मस्ट है सर. ब्लू या ब्लॅक?" मी निळी घेतली. आरशात पाहिलं, तर फुग्याला चष्मा लावल्यासारखं दिसत होतं.

वास्तविक हैदराबादला मी पोहायला गेलोच नव्हतो. ताईला कायमचं घेऊन यायला गेलो होतो.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, एकसष्टची. लग्न होऊन ती हैदराबादला गेली आणि तिथलीच झाली. दाजी दीड वर्षापूर्वी गेले. त्यांचं अफझलगंजातलं वह्यांचं दुकान भाड्याने दिलंय, मुलगा बेंगळुरूला, आणि ताई जामबागच्या घरात एकटी. तेव्हा काकांकडे चहा पिता पिता घराण्याने ठराव केला की तिला उदगीरला आणावं. भाच्याने फोनवर अनुमोदन दिलं. मी शाळेत संस्कृत शिकवतो, लग्न केलेलं नाही, आणि मागच्या वर्षी आई गेल्यापासून घरात जागाच जागा आहे. त्यामुळे ताईची सोय माझ्याकडे आणि तिला आणायचं कामही माझ्याकडेच आलं. मी येतानाच्या बसची दोन तिकिटं आधीच काढून ठेवली. ताईला तेवढं विचारायचं राहिलं होतं.

शुक्रवारी सकाळी निघालो. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: बीदर, जहीराबादमार्गे सहा तास धरून चला, पाणी बरोबर घ्या आणि खिडकी मिळाली तर झोपू नका. मी झोपलो नाही, पण जागाही नव्हतो. बीदरच्या आसपास आपली काळी माती हळूहळू तांबडी होत जाते. पाट्यांवरची अक्षरं आधी कानडी होतात, मग तेलुगू. आपल्या लिपीच्या डोक्यावरची रेघ कुठेतरी मागे राहते आणि अक्षरं सुटी, गोल, निवांत होतात. जन्मभर मुलांकडून शिरोरेषा सरळ काढून घेणाऱ्या माणसाला ते पाहताना उगीचच हलकं वाटलं.

कुकटपल्ली आली तशी अर्धी बस रिकामी झाली. मी शेवटपर्यंत बसून राहिलो आणि मुसी नदीकाठी अफझलगंजजवळ उतरलो. रिक्षावाल्याने बॅगेकडे पाहून विचारलं, "कां जाना साब?" जामबाग म्हटल्यावर तो म्हणाला, "हौ, बैठो. गर्मी बहुत है, बाताँ कम करेंगे." एवढा समंजस रिक्षावाला मला आजवर भेटला नव्हता.

ताईने दार उघडलं आणि मी थोडा गडबडलो. दाजींच्या आणि आईच्या वेळी पाहिलेली ताई वाळलेली, खांदे पाडून बसलेली होती. ही ताठ उभी होती. वर मलाच म्हणाली, "काय रे, पोट किती सुटलंय! जेव आधी."

ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी होती. अंबाडीला ती आता गोंगुराच म्हणते. दुसऱ्या भाकरीला मी विषय काढला. तिने तिसरी वाढली आणि म्हणाली, "रविवारी मी हात सोडणार आहे. ते झालं की बोलू."

"कुणाचा हात?"

"सुजाताचा."

मग तिने सगळं सांगितलं. दाजी गेल्यावर पहाटे चारला छाती आवळून यायची, श्वास पुरायचा नाही. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. हृदय ठणठणीत निघालं. शरीराला काम द्या, म्हणाले. शेजारणीने तिला कुकटपल्लीच्या एका तलावावर नेलं. तिथे शिकवणाऱ्या सुजाताबाई मूळ नांदेडकडच्या, शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या. दोन महिन्यांत ताई पाण्यात चालली, बुडी मारली, पाय मारायला शिकली. पाण्यावर उताणं पडायला मात्र येईना. सुजाताबाईंचा हात पाठीखाली असला तर जमायचं. हात निघाला की ती घाबरून बसती व्हायची, आणि बुडायची.

"म्हणजे आता एकसष्टीला तू पोहणार?"

"पोहतंय कोण? नुसतं पडून राहायचं. तुला तर लगेच जमेल, सुट्टीभर तू तेच करतोस."

शनिवारी पहाटे तिच्याबरोबर मेट्रोने गेलो. जामबागहून स्टेशन चालण्याच्या अंतरावर आहे आणि गाडी थेट कुकटपल्लीला जाते. सकाळची पहिली गाडी पकडाच, असं मी आग्रहाने सांगेन. उंचावरून गाडी जाते आणि खाली शहर अजून पांघरूण न काढलेलं असतं. गच्चीवर एखादी साडी, पाण्याची काळी टाकी, एक घुमट, पुन्हा टाकी. ताई डोळे मिटून बसली होती. मला वाटलं डुलकी लागली. ती म्हणाली, "झोपले नाही. श्वास बघतेय."

शनिवारी बायकांची वेळ. मी भिंतीबाहेर बाकावर चहा घेऊन बसलो. पलीकडून पाण्याचे आवाज आणि त्यावर एकच खणखणीत मराठी आवाज: "मान, वहिनी, मान! मान सोडा म्हणते मी! पाणी धरतंय तुम्हाला, तुम्ही कशाला त्याला धरताय?" मग ताईचा बारीक आवाज, "हात काढू नको गं." मग छपाक. असं पाच-सहा वेळा झालं. माझा चहा गार झाला. खरं सांगायचं तर मनात येऊन गेलं, की जमलं नाही तर बरं. मग सोमवारी ती निमूट बसमध्ये बसेल.

रविवारी कुटुंबांची वेळ असते. पाहुण्यांना वेगळं तिकीट, फार नाही. टोपी बाहेरून घेऊन गेलात तर स्वस्त पडते.

सुजाताबाईंनी मला कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं. "सर, तुम्ही साक्षीदार. तोंडाने एक शब्द नाही." मग त्या ताईकडे वळल्या. ताई पाण्यावर मागे रेलली. पाठीखाली सुजाताबाईंचा हात.

"काढू?"

"नको."

थोडा वेळ गेला.

"काढू का, वहिनी?"

"थांब गं जरा."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ताईने डोळे मिटले. सुजाताबाईंचा हात हळूच बाजूला झाला. ताईचे पाय थोडे खाली गेले, मला वाटलं आता बसती होणार, पण तिने हनुवटी वर केली, कान पाण्याखाली गेले, आणि ती तशीच राहिली. कोवळं ऊन पाण्यावर हलत होतं. तिचे हात दोन्हीकडे पसरलेले, तळवे आकाशाकडे. काठावरची पोरं ओरडत होती, तिच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. ती तरंगत तरंगत माझ्यापासून थोडी लांब गेली. साक्षीदाराचा नियम मोडून मी हाक मारली, "ताई!"

तिला ऐकू गेलं नाही.

मग माझी पाळी. सुजाताबाई म्हणाल्या, "मान सोडा, सर."

"सोडली आहे."

"ही सोडलेली मान? हिच्यावर घागर उभी राहील!"

बऱ्याच प्रयत्नांनी एकदा कान पाण्याखाली गेले. जगाचा आवाज बंद झाला आणि आत कुणीतरी मोठा, संथ श्वास घेत होतं. तो मीच होतो. वर फिकट आकाश, त्यात एक घार. किती वेळ तसा होतो कोण जाणे. मग मनात वाक्य तयार झालं, कर्ता-कर्म-क्रियापदासकट, की मी तरंगत आहे. तत्क्षणी नाकात पाणी गेलं.

"विचार आला आणि धरलात," सुजाताबाई पाठीवर थापटत म्हणाल्या. "येऊ द्यावा, जाऊ द्यावा. आमच्या विहारात श्वासाचं शिकवतात तेही हेच. मी फक्त ते ओलं करून शिकवते."

नंतर सगळे काठावर दहा मिनिटं डोळे मिटून बसले. मीही बसलो. अंगावरचं पाणी वाळत होतं.

पायरीवर केस पुसत ताई म्हणाली, "मी येत नाही रे."

मी तयार करून आणलेले सगळे मुद्दे मांडले. आजारपण, सणवार, लोक काय म्हणतील. शेवटी म्हणालो, "एकटी कशी राहशील?"

"दीड वर्ष राहतेच आहे. तुम्ही ठराव करायला उशीर केला." मग हसू आवरून म्हणाली, "पहाटे छाती आवळून आली तर काय करायचं, हे मला आता इथे कळलंय. तिकडे आले तर तुम्ही सगळे मला धरून ठेवाल. प्रेमानेच धराल. मग मी पुन्हा बसती होईन." मग टॉवेल पिळत तिने विचारलं, "तूच का राहत नाहीस थोडे दिवस?"

शाळा आहे, म्हणालो. होतीच शाळा.

सोमवारी एकटा परतलो. शेजारची ताईच्या तिकिटाची जागा बीदरपर्यंत रिकामीच होती. तिथे मी बॅग ठेवली आणि तिचाच मला धक्का लागत राहिला. संध्याकाळी काकांनी विचारलं, "कुठाय ती?" मी म्हणालो, "पाण्यात." त्यांना ते आवडलं नाही.

या प्रवासातून काय उरलं, म्हणाल तर थोडं उरलंय. सकाळी उठण्याआधी गादीवर मान सोडून पडतो. दोन-तीन श्वास बघायला मिळतात, मग वाक्य येतंच. जिना चढताना दम कमी लागतो, हा भासही असू शकेल. ताईचा रविवारी फोन येतो. परवा ती खोल पाण्यात गेली. मी काळजी घे म्हणालो, ती हो म्हणाली, आणि दोघांनाही ठाऊक होतं की तिची काळजी आता कुणी करायची गरज नाही.

तो ठराव मुळात माझाच; घराण्याला मी दोन महिने पटवून देत होतो की ताई एकटी राहू शकणार नाही. ताई राहू शकते. मला राहता येत नाही. आई गेल्यापासून शाळा सुटली की दुसऱ्या सकाळच्या पहिल्या तासापर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. जन्मभर उच्चार शिकवले, आणि एखाद्या सकाळी वर्गात उभं राहिल्यावर आवाजच फुटणार नाही, अशी भीती मला रोज वाटते.