क्लासात पहिली, बाहेर शून्य

कॉलेज रोडवर एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास चालवणाऱ्या आमच्या सरांना मी अजून माफ केलेलं नाही. करणारही नाही. नव्वदचं दशक सरत आलं होतं. सिन्नरच्या कारखान्यातली बरी नोकरी सोडून मी त्यांच्याकडे शिकायला बसले. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात काम करणाऱ्या माझ्या वडिलांनी एकच वर्ष दिलं होतं. "जमलं तर ठीक, नाहीतर मुकाट्याने परत नोकरी."

परीक्षेत गणित, इंग्रजी आणि तक्ते-आलेख असे तीन भाग. वेळ मात्र एकत्र. कुठे किती घालवायचा ते आपण ठरवायचं. गणितात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. इंग्रजी उतारा समोर आला की घाम फुटायचा. दर रविवारी सराव परीक्षा व्हायची आणि सर एकूण गुणांची यादी दारावर डकवायचे. फक्त एकूण. दहावी-बारावीच्या टक्केवारीवर पोसलेले आम्ही, आम्हाला त्यात काही खटकलं नाही. "इंग्रजीला पंधरा मिनिटं खूप झाली," सर म्हणायचे. "जे येतंय ते ओरबाडून घे." मी ओरबाडलं. यादीत कायम पहिली.

खऱ्या निकालातही क्लासात पहिलीच आले. मुलाखतीची पत्रं मात्र माझ्या मागच्या बाकावरच्या मुलीला आली. बेरजेत ती माझ्या कितीतरी खाली, पण तिन्ही भागांत बेताचे आणि सारखे गुण. तिच्याकडूनच मला कळलं, व्यवस्थापन संस्था प्रत्येक भाग वेगळा बघतात. एका भागात किमान रेषेखाली गेलात की बेरीज गेली खड्ड्यात.

मी तरातरा क्लासचा जिना चढले.

"सर, हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत असणारच ना! पण वर्षभरात तुझं इंग्रजी असं काय सुधारणार होतं? निदान टोटल तरी झाली."

झाली ना, त्यांच्या जाहिरातीसाठी. सीबीएस बसस्टँडसमोरच्या फलकावर माझा फोटो आणि खाली एवढा मोठा आकडा! संताप संताप झाला. मी तोवर पुन्हा सिन्नरच्या बसने कामावर जाऊ लागले होते.

जूनमध्ये नव्या बॅचसमोर त्यांनी माझा सत्कार ठेवला. मी भांडायलाच गेले. माईक घेऊन सांगितलं, "बेरजेच्या नादी लागू नका. मला एकाही संस्थेचं पत्र आलेलं नाही." सरांनी हसत माईक काढून घेतला. "बघा, एवढे गुण मिळवूनही पाय जमिनीवर आहेत!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी तिथेच ओरडायला हवं होतं. शाल-श्रीफळ घेऊन नमस्कार करून खाली उतरले.

प्रवेशाच्या रांगेतली एक मुलगी पुढे आली. "ताई, टोटल किती आली होती तुमची?"

मी आकडा सांगितला. अभिमानाने सांगितला, आणि सरांपेक्षा त्याचीच चीड मला आज जास्त येते.