ड्रॅगनच्या जागी ताई

माझ्या सख्ख्या बहिणीचा मृत्यू एका रविवारी दुपारी साडेचारला माझ्या हातून झाला, आणि त्याची रीतसर सूचना तिच्याच लॅपटॉपवर गेली. ताई ठणठणीत आहे, करंजाडेला राहते, काळजी नसावी. पण त्यानंतर ती जे काही बोलली नाही, ते आठवून मला अजून घाम फुटतो.

सुरुवात प्राचीपासून करायला हवी. प्राची ही मंगलताईची एकुलती एक मुलगी. कॉलेजात असताना तिने आम्हाला एका खेळाचा नाद लावला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी जादूगार. राक्षस समोर आला की काय करणार ते बोलायचं, आणि जमलं की नाही ते फासा ठरवणार. गोष्ट सांगायची प्राचीने. दर रविवारी दुपारी मी आणि माझी बायको वैशाली खारघरहून ताईकडे जायचो, जेवणाच्या टेबलावर कागदी नकाशा पसरायचो आणि पन्नाशीची आम्ही चार माणसं गुहेत शिरायचो. चौथे म्हणजे ताईचे यजमान, सुरेश भावोजी. ते उरणला कंटेनरच्या गोदामात सुपरवायझर आहेत. आठवडाभर गेटवर कागद तपासायचे आणि रविवारी कुऱ्हाड घेऊन राक्षसांच्या मागे लागायचे.

मग प्राचीला बंगळूरला नोकरी लागली आणि आमचे रविवार ओस पडले. काही महिन्यांनी तिचा फोन आला.

"मामा, आपण ऑनलाइन खेळूया ना. त्याची सॉफ्टवेअर असतात. नकाशा, सोंगट्या, फासे, सगळं स्क्रीनवर. जो तो आपापल्या घरी. पण ढीगभर आहेत, कुठलं घ्यायचं ते तू बघ."

"मी?"

"तूच. तू कॉम्प्युटरवाला आहेस."

मी कॉम्प्युटरवाला नाही. मी एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात बिलं आणि पावत्या लावतो. पण एकदा भावोजींचा बंद पडलेला प्रिंटर मी चालू केला होता (वायर निघाली होती, ती लावून). तेव्हापासून घरात माझा तसा लौकिक आहे, आणि तो खोडून काढण्याइतका मी प्रामाणिक नाही.

मी कामाला लागलो, आणि खरं सांगतो, रमलो. एका सॉफ्टवेअरमध्ये चक्क मशाल होती. आपली सोंगटी सरकवली की तिच्याभोवती तेवढाच उजेड पडायचा, बाकी सगळा काळोख. दारापलीकडे काय आहे ते दार उघडल्याशिवाय दिसायचं नाही. हे कसं करत असतील, या कुतूहलापोटी मी ते दार एका संध्याकाळी चाळीसेक वेळा उघडलं आणि लावलं.

वैशाली म्हणाली, "आपल्या बाल्कनीचं दार तीन महिने घासतंय. तेपण एकदा उघडून बघ."

दुसऱ्यात फासा खरोखर गडगडत जायचा, पण तेवढ्यात लॅपटॉप वाटण घातलेल्या मिक्सरसारखा घुरघुरायचा. तिसऱ्याने मला राउटरचं पोर्ट उघडायला सांगितलं. पोर्ट म्हटलं की मला न्हावाशेवा बंदर कळतं, त्यापुढे नाही. चौथं चांगलं होतं, पण त्यात मराठी नाव लिहिलं की काना एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे पडायचं. असं करत तीन आठवड्यांत मी सहा सॉफ्टवेअर पालथी घातली. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीतसुद्धा मी तेच बघायचो. साहेबांना वाटलं, मी दुसरी नोकरी शोधतोय. ते माझ्याशी चार दिवस फार गोड वागले.

आता सॉफ्टवेअर नीट तपासायचं तर नकाशा हवा, राक्षस हवेत. आणायचे कुठून? भावोजींनी फ्लॅट घेताना पाठवलेला प्लॅन फोनमध्ये सापडला. तोच चढवला. सोंगट्यांना चेहरे हवे होते, म्हणून घरातल्यांचे फोटो लावले. प्रत्येक सोंगटीमागे एक रिकामा चौकोन होता. गोष्ट सांगणाऱ्याने त्यात आपल्या गुप्त नोंदी ठेवायच्या, खेळणाऱ्यांना त्या दिसत नाहीत. दिसत नाहीत, हे वाचल्यावर माणूस काय काय लिहितो, हे मला स्वतःबद्दल तोवर माहीत नव्हतं.

रविवारी चार वाजता सगळ्यांना लिंक पाठवली. करंजाडेहून ताई-भावोजी, बंगळूरहून प्राची. आमच्याकडे वैशाली आतल्या खोलीत तिच्या लॅपटॉपवर, मी हॉलमध्ये माझ्या.

"जय भीम, विलास. अरे, हा तर आमचा फ्लॅट," भावोजी म्हणाले.

"ट्रायल आहे भावोजी. कशावरही क्लिक करून बघा."

मी आधी तपासलेल्या एका सॉफ्टवेअरमधल्या नोंदी जशाच्या तशा आजच्या सॉफ्टवेअरमध्ये आणल्या होत्या. आधीच्यात नोंद आपोआप लपलेली असायची. यात ती आपण लपवायची असते. हा फरक मला पुढच्या मिनिटात कळला, कारण भावोजींनी स्वतःच्या फोटोवर क्लिक केलं. गेटवरच्या सवयीने ते प्रत्येक कागद मोठ्याने वाचतात.

"बुटका योद्धा. ताकद आठ. कान, सोयीनुसार. मुख्य अस्त्र, क्रेन अडकली होती ती गोष्ट. तीस फुटांतला माणूस झोपतो." ते थांबले. "ही गोष्ट मी तुला दोनदाच सांगितलीय."

आतल्या खोलीतून वैशालीचा आवाज आला. तो कॉलवरही आला, त्यामुळे मला दोनदा ऐकावा लागला. "जादूगारीण. नजरेने माणसाचा दगड करते. उतारा, माहेरची स्तुती. असं का?"

मी घाईघाईने काळोखाचं बटण दाबलं. नकाशा काळाकुट्ट झाला. नोंदी मात्र जास्तच उजळून दिसायला लागल्या.

"मामा, आता काही दाबू नकोस," प्राची म्हणाली.

भावोजी पुढे सरकले होते. "ड्रॅगन. मंगलताई. ताकद चोवीस. विष, सोलकढी. पिणारा दोन डाव बेशुद्ध."

बारा वर्षं मी त्या सोलकढीचा दुसरा ग्लास मागून घेत आलोय.

ड्रॅगन तरी काढून टाकावा म्हणून मी ताईच्या फोटोवर गेलो. तिथे एक कवटीचं चिन्ह होतं, मला ते डिलीटचं वाटलं. दाबलं. सगळ्यांच्या स्क्रीनवर मधोमध कवटी उगवली आणि खाली लाल अक्षरांत आलं, मंगलताई इज डेड. कुठून तरी एक घंटाही वाजली.

कोणी हसलं नाही. कारण भावोजी शेवटची ओळ वाचत होते, आणि त्यांचा आवाज उतरला होता. "खजिना, मुलीची खोली. ड्रॅगन दार लावून बसते. कुणाला आत सोडत नाही."

व्हिडिओ कॉलवरचा ताईचा चौकोन बंद झाला.

त्या संध्याकाळी तिने फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वैशाली म्हणाली, "माझं नंतर बघू. आधी तिकडे जा." मंगळवारी ऑफिसातून परस्पर करंजाडेला गेलो. ताईने दार उघडलं, काही न बोलता आत गेली आणि चहा घेऊन आली.

"कढी नाही आज," ती म्हणाली. "तू बेशुद्ध पडलास तर उचलणार कोण?"

"ताई, मी सहज लिहिलं गं."

"सहज लिहिलंस म्हणूनच खरं लिहिलंस." ती उठली, प्राचीच्या खोलीचं दार ढकललं. आत सगळं जसंच्या तसं होतं, टेबलावर केसांचा चाप, खुर्चीवर ओढणी. "पाहुणे आले की सामान विस्कटतं, म्हणून बंद ठेवते," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "परवा कॉल कट केल्यावर पोरीचा फोन आला. दोन तास बोललो. ती गेल्यापासून नुसतं जेवलीस का, झोपलीस का, एवढंच चालायचं. रडली पण. मीपण."

मी चहा पीत राहिलो.

"आणि चोवीस ताकद आणखी कुणाची आहे?"

"कुणाचीच नाही. चोवीसच्या वर सॉफ्टवेअर लिहूनच देत नव्हतं."

ताईने मान हलवली. प्रकरण मिटलं.

पुढच्या रविवारी लिंक प्राचीनेच पाठवली. सॉफ्टवेअर माझ्या सहातलं नव्हतं. साधं, हलकं, मराठी अक्षरं सरळ. पाच मिनिटांत सगळे गुहेच्या तोंडाशी हजर.

"हे कधी शोधलंस?" मी विचारलं.

"शोधलं नाही. मी मैत्रिणींबरोबर यावरच खेळते. इथे आल्यापासून."

"मग मला कशाला शोधायला लावलंस?"

आतल्या खोलीत वैशाली खोकली. मग भावोजी म्हणाले, "अरे, प्राची गेल्यावर तू दर रविवारी सहा-सहा फोन करायचास. काय चाललंय, जेवलात का, झोपलात का. मंगल म्हणाली, विलासला करमत नाहीये, त्याला काहीतरी उद्योग लावून द्या."

"आणि तीन आठवडे एक फोन नाही आला रे," ताई म्हणाली. "मी दुपारी झोपत होते."

तेव्हा कुणाला अशी सॉफ्टवेअर निवडायची असतील तर मला जरूर विचारा. मी सहाही बारकाईने तपासली आहेत, आणि ज्या कामासाठी ती मला शोधायला लावली होती, त्या कामाला सहाही उत्तम आहेत.