अफूचं बोट
सून नातवाला निजवायला सहाणेवर जायफळ उगाळते, आणि त्या वासासरशी मी लोणारच्या आमच्या वावरात जाऊन पोचते. महाराष्ट्र नुकताच झाला होता. धाकटा भाऊ लहानपणी चावायचा, दगड मारायचा, घटकाभर एका जागी ठरायचा नाही; मिसरूड फुटलं तसा सरोवराच्या झाडीत बसून गांजा ओढू लागला. त्या दुपारी तो लाल डोळ्यांनी झोकांड्या खात कापसात आला. वेचणाऱ्या बाया थबकल्या. वडिलांनी बैलांची काठी उचलली. “कोनं शिकवलं बे तुले हे?” काठी वर गेली तशी आई ओटीतला कापूस सांडत मधे शिरली. “मले मारा. हा झोपत नोता, वेचनी खोळंबे, म्हून तान्हेपनी मीच अफू चाटवली याले. ह्या बोटानं.” काठी हळूहळू खाली आली. बाया वावराच्या बांधाकडे, धुऱ्याकडे बघू लागल्या. धुऱ्यावरच्या झोळ्यांत त्यांची लेकरं भर उन्हात गाढ झोपली होती. सून बोट नातवाच्या ओठांशी नेते आणि मी तिचं मनगट धरते. “आई, जायफळच आहे हो,” ती हसून म्हणते. माझा हात काही सुटत नाही.