तीन कुलपांची मोटरखोली

निवृत्त माणसाला काही काम उरत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी आमच्या वसाहतीच्या सर्वसाधारण सभेस एकदा उपस्थित राहावे. माजलगावच्या बाहेर, कालव्याच्या अलीकडे, सेवानिवृत्त कर्मचाऱ्यांची ही वसाहत आहे. येथे प्रत्येकाने हयातभर कुठल्या ना कुठल्या टेबलामागे बसून शासनाचा शिक्का उठवला आहे. शिक्का सुटला, पण हाताची सवय सुटलेली नाही. म्हणून समित्या. पाणी समिती, बाग समिती आणि सुरक्षा समिती. तिन्ही बिनपगारी आणि तिन्ही कमालीच्या मानी. सुरक्षा समितीचा अध्यक्ष मी. मी दिवाणी न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. वसाहतीत मला ‘वकीलसाहेब’ म्हणतात. मी वकील नाही, हे सर्वांना लेखी कळवलेले आहे.

बाग समितीचे अध्यक्ष माझ्या समोरच्या घरात राहतात. शिरूर कासारकडचे, नोकरीत तलाठी होते, म्हणून सगळ्यांचे ‘भाऊसाहेब’. पत्नी गेल्यापासून एकटे. मुलगा पुण्यात, आणि त्याचा दर फोनवर एकच आग्रह, की इकडे या. भाऊसाहेबांचे उत्तरही ठरलेले: “बाग हाय तवर मी हितंच.” ज्यांच्या गावी हंडाभर पाण्यासाठी पहाट जात असे, त्या माणसाने आमच्या मुरमाड मोकळ्या जागेत मोगरा, गुलाब, पेरू आणि लिंबू जगवले होते. संध्याकाळी बागेतल्या बाकावर आम्ही दोघे बसत असू आणि भांडत असू. ते भांडण चुकले, की मला रात्रीचे जेवण बेचव लागे.

वादाचे मूळ मोटरखोलीत होते. घरांना पाणी नळाचे, पण बागेला बोअरचे. त्या बोअरची मोटर बाकामागच्या एका खोलीत आहे. मोटर पाणी समितीची. त्याच खोलीत बाग समितीचे पाइप आणि खुरपी, आणि सुरक्षा समितीच्या काठ्या, विजेऱ्या व शिट्ट्या. होळीनंतरच्या एका दुपारी खोलीचे दार सताड उघडे सापडले. आत शेजारच्या धनगरवस्तीवरची एक शेळी ऐसपैस बसलेली होती आणि माझ्या समितीच्या शिट्टीची दोरी शांतपणे चघळत होती. दार कोणी उघडे ठेवले, याचा खुलासा मी तिन्ही समित्यांकडून लेखी मागवला. स्वतःच्या समितीकडूनही मागवला. नियमाला अपवाद नको. तिन्ही खुलाशांत उरलेल्या दोन समित्या दोषी होत्या.

सभा भरली. पाणी समितीचे अध्यक्ष उपकोषागारातून निवृत्त झालेले. त्यांना आम्ही ‘ट्रेझरीवाले’ म्हणतो. ते उभे राहिले आणि चष्मा पुसत म्हणाले, “एका किल्लीवर सार्वजनिक मालमत्ता? आमच्याकडे दोन अधिकारी समोर असल्याशिवाय तिजोरीची खोली उघडत नव्हती. दुहेरी कुलूप! इथं समित्या तीन, तर कुलपंही तीन. तिन्ही निघाल्याशिवाय दार उघडायचं नाही.”

टाळ्या पडल्या. संयुक्त ताब्याचे हे तत्त्व निर्दोष होते, म्हणून मी अनुमोदन दिले. एकटे भाऊसाहेब बसल्या जागेवरून म्हणाले, “आन् लाईट आल्यावर काय तिघांची वरात काढायची मोटरीपाशी?”

“शिस्त लागेल,” ट्रेझरीवाले म्हणाले.

“झाडाला शिस्त लागत न्हाई ओ. त्याला पानी लागतं.”

ठराव बहुमताने मंजूर झाला. कोयंड्याला जाड कडे बसवून त्यात तिघांची कुलपे शेजारी शेजारी लटकली. माझे पितळी, ट्रेझरीवाल्यांचे चकचकीत नवे, आणि भाऊसाहेबांचे शिरूरच्या जुन्या घराचे, मुठीएवढे लोखंडी. ते आजवर त्यांच्या इथल्या घराला लागत असे. “दुसरं इकत घेनार न्हाई,” ते म्हणाले. “मी कुठं जातोय घराला कुलूप लावून?”

बोअरची वीज आमच्याकडे कधी येईल याचा नेम नसतो. ती आली, की भाऊसाहेब आरोळी देत रस्त्याने धावत: “वकीलसाहेब! ट्रेझरी! लाईट आली!” एकदा मी निम्मी दाढी झालेल्या तोंडाने पोहोचलो, तर ट्रेझरीवाले देवपूजेला बसलेले. आरती आटोपून ते आले, तोवर वीज गेली. एकदा आम्ही दोघे हजर होतो, तेव्हा भाऊसाहेबच आम्हाला शोधायला माझ्या घरी गेलेले. मग ट्रेझरीवाले मुलीच्या वास्तुशांतीसाठी लातूरला गेले आणि किल्ली त्यांच्यासोबत गेली. किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, असे ठरावात स्पष्ट होते. त्यांचे वर्तन नियमानुसारच होते, आणि नेमका याचाच मला संताप येत होता.

ऊन वाढले. मोगऱ्याने माना टाकल्या. भाऊसाहेब घरच्या नळाचे पाणी बादलीने नेऊन घालू लागले, पण एवढ्या बागेला बादली किती पुरणार? एका सकाळी ते माझ्या फाटकाशी आले. धोतराचा सोगा ओला, हातात रिकामी बादली.

“वकीलसाहेब, कुलूप तोडू का?”

“तोडलेत, तर सुरक्षा समितीला कारवाई करावी लागेल.”

“करा. नोटीस पुन्याच्या पत्त्यावर धाडा. पोराला कळीवलंय म्या, रईवारी गाडी घेऊन ये म्हनून.”

त्याच दिवशी त्यांनी मोटरखोलीवरचे आपले लोखंडी कुलूप काढून घेतले आणि स्वतःच्या दाराच्या कडीत उघडेच अडकवून ठेवले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळत होता. मला समोरच राहावे लागत असल्यामुळे तो दिवसभर कळत होता.

मी तातडीने पत्र लिहिले. समितीच्या अध्यक्षास कार्यभार रीतसर हस्तांतरित केल्याशिवाय वसाहत सोडता येणार नाही, असे उपविधींच्या आधारे त्यांच्या निदर्शनास आणले. उत्तर माझ्याच पत्राच्या पाठीवर आले: “झाडं वाळली. कार्यभारात काय देऊ, काटक्या?”

ते पत्र माझ्या पत्नीने मोठ्याने वाचले. “अहो, त्यांना ऱ्हावा म्हनायचंय, तर ऱ्हावा म्हना की. उपविधी कशाला काढायलाव?”

“मी नियमाविषयी लिहिले आहे.”

“नियमाविषयी लिव्हताना मानसाचे डोळे भरून येत न्हाईत.” त्या दिवशी हवेत धूळ फार होती, तरीही मी वाद घातला नाही. ती पुढे म्हणाली, “माझ्या माहेरी नांदूरघाटला इहीर हाय. चार चुलतभाऊ वाटेकरी, एकाचं एकाशी बोलनं न्हाई. मोटरीच्या खोलीला चौघांची चार कुलपं. पन पानी कधी कुनाचं अडलं न्हाई.”

“ते कसे शक्य आहे?”

तिने बांगड्यांतल्या सेफ्टी पिना काढल्या आणि एकीत दुसरी, दुसरीत तिसरी अशा गुंतवल्या. “दाराच्या कोयंड्यात साखळी ओवायची. ही साखळीच्या ह्या टोकाला, ही त्या टोकाला, मधी दोन्हीत गुतलेली ही. ही तुमची, ही ट्रेझरीवाल्यांची, ही भाऊसाहेबांची. कोन्ती बी एक उघडा.” मी मधली उघडली. माळ सुटली. मग पहिली उघडून पाहिली. तरीही सुटली.

माझा राग अनावर झाला. प्रत्येक सहहिस्सेदाराला प्रवेशाचा स्वतंत्र हक्क, आणि कोणाच्याही हक्काने दुसऱ्याचा हक्क बाधित नाही! इतकी निर्दोष व्यवस्था नांदूरघाटच्या विहिरीवर उन्हापावसात लोंबकळत होती, आणि सासरवाडीला इतक्या वेळा जाऊनही मला ती कोणी दाखवली नव्हती. “तुमी कधी इहिरीवर आलाव? जावईबापू म्हनून लोडाला टेकून बसायचाव,” ती म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी ट्रेझरीवाले लातूरहून परतले. पिशवी खाली ठेवण्यापूर्वीच मी त्यांना गाठले. ते म्हणाले, “हे नियमात बसत नाही.” मी म्हणालो, “बसवले आहे,” आणि दुरुस्तीचा मसुदा त्यांच्या हाती दिला. तुम्ही गावी गेलात तरी कुलूप तुमचे आणि मानही तुमचा, हे कलम वाचून त्यांनी सही केली. दोघांनी मिळून कडे काढले आणि रात्रीपुरते कोयंड्याला माझे एकट्याचे कुलूप घातले. साखळी मी बाजारातून स्वतः निवडून आणली होती.

रविवारी सकाळी समोर गाडी उभी राहिली. मुलगा सामान ठेवू लागला. नेमकी त्याच वेळी वीज आली. मी कोणालाही हाक मारली नाही. माझे कुलूप उघडले, मोटर सुरू केली आणि पाइप घेऊन मोगऱ्यासमोर उभा राहिलो. पाइप हाती धरण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. पाणी असे सुटले, की आळे फुटून माती माझ्या पायांवर आली.

“ओ! ओ! मुळं उघडी पडायलीत! खून करायलाव का झाडाचा?” भाऊसाहेब प्रवासाच्या नव्या कपड्यांत धावत आले आणि त्यांनी पाइप माझ्या हातून हिसकावून घेतला. “तुमाला कुनी सांगितलं हात लावायला?”

“बाग समितीला अध्यक्ष नाही. जबाबदारी कोणीतरी घ्यायला हवी.”

त्यांनी फुटलेले आळे पायाने सारखे केले आणि पाणी फिरवू लागले. मोगरा झाला, गुलाब झाले, पेरू झाला. मुलाने आधी गाडीचा हॉर्न वाजवला, मग तो उतरला, मग आमच्या घरी चहा प्याला. मोटरीचा आवाज ऐकून ट्रेझरीवालेही येऊन उभे राहिले. पाणी सगळ्या आळ्यांना पोहोचले तेव्हा भाऊसाहेबांची विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली होती.

दार बंद करण्याची वेळ आली. मी साखळी ओवली, माझे कुलूप एका टोकाला, ट्रेझरीवाल्यांचे दुसऱ्या टोकाला. दोन्ही कुलपे एकमेकांपर्यंत पोहोचेनात. मध्ये चार बोटे जागा उरली.

भाऊसाहेब पाहत होते. “साखळी आखूड पडली की.”

“पडली नाही. घेतली आहे.”

त्यांनी साखळी ओढून पाहिली. मग हसायला लागले, आणि खोकला येईपर्यंत हसले. “काय बे तुझी ही कारकुनाची जात! सरळ तोंडानं ऱ्हा म्हनाय काय झालतं?”

इतक्या वर्षांत त्यांनी मला प्रथमच एकेरी संबोधले होते. मी हरकत घेतली नाही.

ते रस्ता ओलांडून गेले आणि दाराच्या कडीतून ते लोखंडी कुलूप काढून घेऊन आले. त्याची जाडजूड कडी दोन्ही कुलपांत नेमकी बसली. खटका वाजला.

मुलगा गोंधळला. “बाबा, आणि घराला काय लावायचं?”

“घराला कशाला? मी हाय की घरात.”

मुलगा पिशवीभर लिंबे घेऊन एकटाच परत गेला. सोमवारी बाग समितीकडून पत्र आले, की सुरक्षा समितीच्या अध्यक्षांनी यापुढे पाइपला हात लावू नये. अधिकारक्षेत्राचा मुद्दा रास्त होता. तरीही मी त्याच दिवशी सविस्तर हरकत लिहून काढली, आणि ती समक्ष देण्यासाठी संध्याकाळी बाकावर गेलो.