डल्सीची चंदेरी पिशवी

डल्सी ट्रेगेन्झा आमच्या गावची निवृत्त पोस्टमास्तरीण. डोंगरातली लांबलचक पायवाट ती दर हिवाळ्यात थोडी थोडी चालते. बारा वर्षांत ती जवळजवळ संपवली, शेवटचे बावीस किलोमीटर उरले होते. पण उजवा खांदा दगा देऊ लागला आणि लेकीने, ब्रॉनविनने, बजावलं, "आई, या खेपेला खांदा धरला तर तुझे बूट मी दान करून टाकणार."

बाटल्या लटकल्या की खांदा धरतो, म्हणून डल्सीने इथला जुनाच उपाय काढला. खोक्यातल्या वाइनची आतली चंदेरी पिशवी आमच्याकडे कुणी टाकत नाही. फुगवली की उशी, भरली की पाणी. तीन लिटरच्या दोन पिशव्या तिने स्वेटरात गुंडाळून पाठीला घट्ट टेकवून बांधल्या.

"पिशवी हलली नाही पाहिजे, प्रमिला," सोबत निघालेल्या मला ती म्हणाली. "आणि तू काय हा बाटल्यांचा बाजार मांडलायस?"

बारा किलोमीटरवर माझ्या बाटल्यांचा बाजार उठला आणि तिची पहिली पिशवीही संपली. दुसरीची तोटी उघडली, तर पेल्यात आणि तिच्या बाहीवर लालभडक वाइन! चर्चच्या जेवणातली उरलेली पिशवी डल्सीने धुण्याच्या खोलीत पाण्याच्या पिशव्यांशेजारीच ठेवली होती.

पाण्याची मागची टाकी जवळ होती, पुढची थेट शेवटाला. मी म्हटलं, "मागे फिरू."

"फिरले तर ब्रॉनविन पुन्हा येऊ देणार नाही, बूट गेले म्हणून समज."

मी मनातल्या मनात नामस्मरण सुरू केलं. तेवढ्यात समोरून एक लालबुंद माणूस कण्हत आला. दोन्ही बाजूंना बाटल्या लोंबत होत्या.

"पाणी किती आहे रे?" डल्सीने विचारलं.

"पाच लिटर. खांदे तुटले, बाई!"

"तीन दे. ही घे."

त्याने वास घेतला आणि डोळे मिटले. "देव तुमचं भलं करो!"

"ते नंतर. आधी पाठ फिरव." पिशवी नीट बांधून दिल्याशिवाय तिने त्याला सोडलं नाही.

दिवस मावळायच्या आत आम्ही शेवटच्या खांबाशी पोचलो. ब्रॉनविन गाडी घेऊन उभी होती. तिने आईला मिठी मारली आणि नाक आक्रसलं.

"आई, तू प्यायलीयस?"

"पिशवी चुकली गं."

"आणि खांदा?"

डल्सीने दोन्ही हात सरळ आभाळाकडे नेले. ब्रॉनविन माझ्याकडे वळली.

"मावशी, तुम्ही देवाला मानता. खरं सांगा."

"थेंबभरही नाही," मी म्हटलं. "बूट राहू देत."