अर्धे कॅमेरे

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे भाऊंना, बंद वस्तू बघवत नसे. रत्नागिरीच्या बाजारातला त्यांचा फोटो स्टुडिओ मोबाइल आल्यावर बंद पडला आणि गावातले लोक आपापले जुने रोलचे कॅमेरे त्यांच्याकडे आणून देऊ लागले. भाऊ ते करवतीने बेतून कापायचे, कापलेल्या कडा लाल रंगवायचे आणि सागवानी फळीवर बसवायचे. असे सोळा अर्धे कॅमेरे आमच्या ओटीवर होते. बटण दाबलं की आतलं सगळं हलताना दिसायचं.

गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालाही ते बघितल्याशिवाय सुटका नव्हती. "फोटो कोणीही काढतो," भाऊ सांगायचे, "तो आत कसा जातो ते बघा." तो बिचारा टाकी खांद्यावर घेऊनच बघायचा.

एक कॅमेरा मात्र अख्खा होता. लग्नानंतर आरे-वारेच्या किनाऱ्यावर भाऊंनी त्यातून आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, पहिला फोटो काढला होता. आईंनी तो कॅमेरा जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटात ठेवला होता. भाऊ दर दिवाळीला मागायचे, त्या नाही म्हणायच्या. गेल्याच्या गेल्या वर्षी, आई देवळात गेल्या असताना, भाऊंनी तो कापला.

आईंनी परत येऊन तो बघितला. पिशवी भरली आणि पूर्णगडला भावाकडे निघून गेल्या.

आठ दिवसांनी भाऊ मला म्हणाले, चल, तिला आणू. माफी कशी मागायची ते मी वाटेत शिकवणार होते. पण भाऊंनी त्या कॅमेऱ्याची फळी मांडीवर घेतली होती आणि ते कंडक्टरला समजावण्यात गुंतले होते. बघण्याच्या नादात दोन उतारूंचा थांबा चुकला.

आई अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या. "आता काय, मला कापायला आलात?"

भाऊंनी फळी पायरीवर ठेवली आणि आईंचं बोट धरून बटणावर ठेवलं. खटका झाला. आरसा उचलला गेला, मागचा पडदा सरकला आणि परत मिटला.

आईंनी पुन्हा दाबलं. मग पुन्हा.

"एवढ्याशा वेळात मी आत गेले?"

"एवढ्याशाच."

संध्याकाळच्या एसटीने आम्ही तिघं परत आलो. माफीचं राहूनच गेलं.

यंदा भाऊ गेले. सगळे कॅमेरे आईंनी कॉलेजला दिले, एवढा एक सोडून. न्यायला आलेले सर म्हणाले, हा नसला तर संच अपुरा राहील.

"राहू दे अपुरा," आई म्हणाल्या आणि फळी पदराने पुसू लागल्या.