तबल्याची अट

चोराला मी खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास दिला आणि वर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "घाबरू नका. अशा माणसाला आपण आत घालू."

तो उठून उभाच राहिला. "साहेब, तो माणूस मीच हावो."

दोघं एकाच मोटारसायकलवरून माझ्या नागभीडच्या ऑफिसात आले होते. एकाची मान खाली, दुसरा ताठ. मान खाली तो लुटला गेलेला, असा निष्कर्ष मी वीस वर्षांच्या वकिलीच्या जोरावर काढला होता. ग्लास परत मागणं बरं दिसेना, म्हणून दुसरा भरला.

ताठ उभे होते ते गफूरभाई. त्यांचं गावात टेलरिंगचं दुकान आहे. पण दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं सुरू झाली, की ते मशीन झाकून ऑर्गन वाजवायला निघतात. मान खाली घातलेला शामराव जवळच्या खेड्यात धान पिकवतो आणि तबला वाजवतो. अठरा सीझन दोघं शेजारी बसले. मागच्या वर्षी गफूरभाई चार लोकांत म्हणाले, "शाम्याचा हात जड झाला." शामराव नाही नाही ते बोलून उठून गेला. गफूरभाईंनी नवा तबलजी घेतला.

यंदा दसऱ्याला गफूरभाई घरच्यांना घेऊन चंद्रपूरला लग्नाला गेले. किल्ली कुठं ठेवतात हे शामरावला अठरा वर्षं ठाऊक. त्यानं टेम्पो आणला आणि ऑर्गन उचलून नेला. शेजाऱ्यानं पाहिलं. गफूरभाईंनी विचारलं, तर यानं लगेच कबूल केलं.

"काऊन नेला?" मी विचारलं.

"विकाले नाई नेला, साहेब. धानाच्या पोत्यांमागं ठेवला हाये. मले कुठी वाजवता येते!"

"मग?"

"हा दुसऱ्यासंग बसते, ते पाहवे नाई."

गफूरभाई खिडकीकडं पाहत होते. मग घसा साफ करून म्हणाले, "स्टॅम्प पेपर काढा, वकीलसाहेब. लिहा, यानं ऑर्गन चोरला, कबूल. ऑर्गन वापस. अन् यानं पूरा सीझन माझ्यासंग तबला वाजवाचा. नाई आला, त मी पोलीस स्टेशनले जाईन."

"मले मंजूर," शामराव म्हणाला. "सही कुठी करू?"

आरोपी इतका खूश असलेली तडजोड मी पाहिली नव्हती. मी कॉम्प्युटरवर तीन ओळी टाइपही केल्या. मग हात थांबला.

आता थोडं कायद्याचं. चोरीची तक्रार न देण्याच्या बदल्यात काही घ्यायचं ठरवलं, तर तसा करार कोर्टात टिकत नाही. तेवढंच असतं तर गोष्ट वेगळी. पण तक्रारीची धमकी देऊन माणसाकडून काही मिळवणं खंडणीत बसू शकतं आणि गुन्हा दाबायला मोबदला घेणं, हाही गुन्हा ठरू शकतो. म्हणजे ज्याच्या घरी चोरी झाली, तोच पिंजऱ्यात. त्यात ही चोरी घरातून झालेली. अशा चोरीचा गुन्हा एकदा नोंदला, की दोघांनी गळ्यात गळे घातले तरी इथलं कोर्ट तो मिटवू शकत नाही. नागपूरला हायकोर्टाची पायरी चढावी लागते.

"पण तो राजी हाये ना!" गफूरभाई म्हणाले.

"आज आहे. जानेवारीत भांडलात, तर म्हणेल, धमकी देऊन राबवलं."

"मी असं म्हणीन?" शामराव दुखावला.

"मागच्या साली काय काय म्हणला, ते आठव," गफूरभाई म्हणाले.

मी म्हणालो, "तक्रार द्यायची तर द्या, तो तुमचा हक्क आहे. नसेल द्यायची, तर मनानं सोडून द्या. ऑर्गन तुमचा, तो घ्या. बदल्यात काही मागू नका."

"अन् तबला?"

"तबला नाही."

मी तीन ओळी पुसल्या. दोघं स्क्रीनकडं पाहत राहिले. शेवटी गफूरभाई म्हणाले, "तक्रार नाई देत." ऑर्गन त्याच दिवशी घरी पोचला. शामराव पोचवून गेला, पण आत आला नाही.

जानेवारीत मी पँट सैल करून घ्यायला गफूरभाईंच्या दुकानात गेलो. दोन नाटकांच्या मधे ते एक दिवस घरी होते. सीझनचं विचारलं.

"नवा तबलजी चांगला हाये, साहेब. चुकत नाई." त्यांनी टेप माझ्या पोटाभोवती गुंडाळला आणि तसाच धरून ठेवला. "शाम्या चुकाचा. चुकला का माझ्याकडं पाहून हासाचा. मी तेवढ्यात संभाळून घ्याचो."

"भेटतो का?"

"बाजारात दिसते. मान हालवते."

त्याच आठवड्यात शामराव त्याच्या शेताच्या कागदासाठी ऑफिसात आला. काम झालं तरी बसून राहिला. "गफूरभाईचा सीझन कसा चालू हाये?"

"तुम्हीच विचारा की."

"मी कोन्त्या तोंडानं विचारू?"

आमच्या धंद्याच्या हिशेबानं केस उत्तम मिटली. वस्तू परत, गुन्हा नाही, कोणावर बालंट नाही. चोराशी घरच्या घरी मिटवायचं असेल तर वस्तू घ्यावी, अट घालू नये. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

हे मी घरी जरा ऐटीतच सांगितलं. बायको वालाच्या शेंगा सोलत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अट घालू नको म्हणून सांगतलं, ते बरं केलं. पण नुसतं 'ये' म्हणाची कायद्यात मनाई नाई, हे काऊन नाई सांगतलं त्याले?"